एकादशीची अर्धी रजा

मामा कॅलेंडरपुढे उभे राहिले की उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. मग डोळे मिटून एकदा मान हलवायची आणि चहाचे कप गोळा करायला निघून जायचं. आमचं अख्खं ऑफिस समजायचं की मामा जप करतात.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. ऑफिसात सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो, आणि मध्ये काय करतो ते कोणाला विचारलं तर सांगता येत नाही. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला आमच्या औषध कंपनीचं वितरणाचं ऑफिस होतं, तिथे मामा हंगामी शिपाई होते. गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्याआधी ते परळकडे एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, वीस वर्षं. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. बायकोसोबत कुरारला एका खोलीत राहायचे. पन्नाशी उलटलेली, म्हणजे दुसरीकडे कोणी घेण्याचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे कायम झाले तर मुंबई, नाहीतर सामान बांधून गाव. आणि गावी भावकीने घराच्या एका पडवीशिवाय काही ठेवलेलं नव्हतं.

कधी कायम होणार असं कोणी विचारलं, की मामा म्हणायचे, "पाण्याक विचारूया." हे त्यांचं प्रत्येक गोष्टीला उत्तर. पाऊस पडेल का, साहेब आज खूश असतील का, टेलिफोनवाला येईल का. पाण्याक विचारूया. आम्हाला वाटायचं, मालवणी माणसाची बोलायची पद्धत असेल.

मी तेव्हा टायपिस्ट होते. वय सव्वीस, जीभ चाळिशीची, असं माझी आईच म्हणायची. मामांना लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांचे रजेचे अर्ज मी टाइप करायचे. मजकूर ते सांगायचे आणि तो कधी बदलायचा नाही: आज एकादशी असल्याकारणाने दुपारनंतर अर्धा दिवस रजा मिळावी. कधी अष्टमी असायची. एखाद्या वेळी नवमी.

आमचे मोठे साहेब कडक उपासाचे. टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो, कपाळाला गंध, एकादशीला पाण्याशिवाय काही नाही. आपल्या ऑफिसात एक शिपाई आहे आणि तो आपल्यासारखाच एकादशी पाळतो, याचं त्यांना केवढं कौतुक. मामांची अर्धी रजा त्यांनी कधी कापली नाही. दुसऱ्या दिवशी उपास सोडायला म्हणून घरून बेसनाचे लाडू आणायचे आणि मामांना हाक मारून द्यायचे. मामा दोन्ही हातांनी घ्यायचे आणि जिन्यात जाऊन खायचे.

मला शंका आली ती अर्ज टाइप करता करताच. नको तिथे नाक खुपसायची सवय, दुसरं काय. एकादशी ठीक आहे, अष्टमीही ठीक. पण संकष्टीला या माणसाला रजा नको असायची, आणि महाशिवरात्रीच्या दिवशी हा खुशाल वडापाव खात होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. असा कोणता देव असतो, जो अष्टमीपासून एकादशीपर्यंतच भेटतो? आणि तोही फक्त दुपारनंतर?

मग एकदा कार्बन पेपर शोधताना स्टेशनरीच्या कपाटात तळाशी एक रिकामा डबा मिळाला. उघडला तर वर्तमानपत्राच्या पुडीत मोठाले गळ, शिशाचे तुकडे आणि तंगुसाची गुंडाळी. तंगूस म्हणजे तो मासेमारीचा नायलॉनचा पारदर्शक दोरा. मी डबा घेऊन सरळ मामांसमोर गेले. त्यांनी आधी दरवाजा लोटला.

"मी खोटा खंय लिवलंय?" ते म्हणाले. "एकादशी आसाच मा त्या दिवशी?"

होती खरी. मग सगळं बाहेर आलं. ते बोटांवर जप मोजत नव्हते, पाऊणकी मोजत होते. कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब: जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, की भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला पूर्ण भरती सहा वाजता. अकरा पाऊण सव्वाआठ. त्याच्या सहा तास आधी ओहोटी संपते आणि पाणी चढायला लागतं. म्हणजे अष्टमी ते एकादशी पाणी दुपारपासून अंधार पडेपर्यंत चढत असतं, शिवाय या तिथींना त्याला फार जोर नसतो, ते गढूळ होत नाही. असं चढतं, निवळ पाणी खाडीच्या तोंडाशी आलं, की त्याच्याबरोबर जिताडा आत येतो, तिवरांच्या मुळांशी शिकार करायला. पुनवेला, अवसेला दुपारभर पाणी उतरत असतं. तेव्हा गळ टाकून बसणारा येडा, असं मामांचं मत होतं.

आता जिताडा काय ते सांगायला नको. गोव्याकडे चोणक म्हणतात. आम्ही मासे खाणारे लोक, पण आमच्या घरात मासा म्हणजे पिशवीतून आलेल्या तुकड्या. जिवंत मासा मी टाकीतलाच पाहिलेला. मी मामांना म्हटलं, मला न्या, नाहीतर साहेबांना सांगते. सांगितलं मी नसतंच, पण त्यांना काय माहीत.

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. म्हणाले, "येवा. पण थंय तोंड बंद ठेवूक जमात?"

बसने मार्व्याला गेलो. पलीकडे मनोरीला जायची होडी लागते, त्या जेट्टीच्या बऱ्याच आत, तिवरांच्या कडेने एक दगडी बांध होता. तिथे मामांची जागा. बांधावर पाय ठेवला आणि माणूसच बदलला. ऑफिसात मला मॅडम म्हणणारे मामा म्हणाले, "चप्पल काढ गो. धप धप करू नको, आवाज पाण्यात जाता." मी मुकाट चप्पल काढली. बापाने इतक्या वर्षांत मला कधी एका वाक्यात गप्प केलं नव्हतं.

काठी नाही, चाक नाही, काही नाही. फक्त तंगूस, टोकाला गळ, वर हातभर अंतरावर शिसं. चिखलात एक कोळीण हातांनी चाचपून कोळंबी धरत होती, तिच्याकडून जिवंत कोळंबी घ्यायची. गळ शेपटीच्या वरून असा घालायचा, की कोळंबी मरता कामा नये. मी तीन मारल्या. चौथी हातातून उडून पाण्यात गेली. मामांनी पाचवी दिली.

मग दोरा टाकायचा आणि पहिल्या बोटावरून सोडून बसायचं. बोट कापू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटाला. आणि आता, मामा म्हणाले, बोटाने बघायचं. मला हसू आलं. पण थोड्या वेळाने खरंच काहीतरी दिसायला लागलं. पाणी शिशाला ढकलत होतं ते कळत होतं. मग टुकटुक झालं. मी जीव खाऊन ओढलं, गळ रिकामा. पुन्हा टुकटुक, पुन्हा ओढलं, पुन्हा रिकामा.

"तो खेकडो," मामा म्हणाले. "चाटता. चाटूक दी."

असं सगळं शिकले. खेकडा चाटतो. शिंगाळा हिसका मारतो आणि तो हाताने काढायचा नसतो, त्याच्या काट्याने हात दोन दिवस ठणकतो. जिताडा मात्र खेळत बसत नाही. तो एकदाच ठक्क करून गिळतो आणि निघतो. "ओढल्यान तर सोड, थांबलो तर ओढ," हा एकच मंत्र. आणि वर आला की कल्ल्यात बोट घालायचं नाही, त्यांना ब्लेडसारखी धार असते. गिरणीत साच्यावर हजार धागे चालू असताना एक तुटला तरी मामांना हाताखाली कळायचं म्हणे. मला तर एक धागा सांभाळता येत नव्हता. पहिल्या दिवशी मी तिवराचं मूळ पकडलं, स्वतःचा पदर पकडला, आणि शेवटी एक केंड मासा. तो बाहेर येताच फुगून चेंडू झाला आणि माझ्याकडे रागाने बघत बसला. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परतताना बस आली तशी ते बाजूला सरकून म्हणाले, "चढा मॅडम."

त्यानंतर मी किती वेळा गेले, मोजलं नाही. साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले. आईला सांगितलं, ओव्हरटाइम असतो. ओव्हरटाइमहून येणाऱ्या मुलीच्या अंगाला खाडीचा वास कसा, हे तिने विचारलं नाही, कारण त्याच सुमाराला घरी अधूनमधून मासे यायला लागले होते. मामांनी धरलेल्या जिताड्याचा मधला तुकडा ते मला द्यायचे, डोकं बायकोसाठी न्यायचे. मी स्वतः कधी एखादी तांबोशी धरली, बाकी खेकड्यांची सेवा. पण डोक्यात दिवसभर तेच. टाइप करता करता वाटायचं, आता पाणी कुठपर्यंत आलं असेल? पाण्याखाली काय चाललेलं असतं, हे नुसत्या बोटाने कळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि मग त्या डिसेंबरात हेड ऑफिसचं पत्र आलं. हंगामी माणसांपैकी कोणाला कायम करायचं ते शाखेने कळवावं. कळवणार अर्थात मोठे साहेब.

साहेबांनी मामांना आत बोलावलं. मी पलीकडेच होते. कामाबद्दल काही नाही, एवढंच विचारलं की एकादशीला तुम्ही जाता कुठल्या देवळात. मामा म्हणाले, देवळात नाही जात, मार्व्याला खाडीवर जाऊन बसतो. पाण्याकडे बघत.

झालं. साहेब विरघळले. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसतं पाणी. म्हणाले, पुढच्या एकादशीला मीही येतो.

माझी झोप उडाली. मी मामांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, एक दिवस नुसते बसा. डोळे मिटून बसा. एका एकादशीने जिताडे संपत नाहीत, आणि नोकरी गेली तर तुम्ही पडवीत जाऊन बसाल. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, बसूया.

एकादशीला आम्ही तिघे निघालो. मी पण येते, मलाही मनःशांती हवी आहे, असं साहेबांना सांगितलं होतं. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, वाटायचं ते मामांना. साहेबांनी छोटी सतरंजी आणली होती, ती बांधावर अंथरली. माळ काढली. आम्ही दोघे दोन बाजूंना बसलो. पाणी चढायला लागलेलं. हवा थंड, होडीवाल्याची हाक लांबून. साधारण तासाभराने तिवरांत ठप्प असा आवाज झाला. जिताडा वर येऊन मारतो तसा. मग दुसरा. मामांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर हललं, ते त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरलं.

साहेबांनी डोळे उघडले. चेहरा अगदी निवला होता. म्हणाले, अशी शांतता आपण कुठे अनुभवली नाही. "मामा, तुमचं पत्र मी उद्याच पाठवतो. अशा माणसाला कायम नाही करायचं तर कोणाला?"

मी मनात म्हटलं, सुटलो. आणि मामांकडे बघितलं तर त्यांचं तोंड पडलेलं.

"साहेब, मी ध्यान नाय करत," ते म्हणाले. "मी हितं जिताडे पकडतो. उपास पण नाय करत. तुमचे लाडू खाल्ले ते फसवून खाल्ले."

मी डोक्याला हात लावला. साहेबांचा माळेवरचा अंगठा तिथेच थांबला. मग त्यांनी जे विचारलं ते मला आयुष्यात सुचलं नसतं. त्यांनी विचारलं, मग एकादशीच का?

मामांनी पाऊणकी सांगितली. साहेब जुन्या शाळेत शिकलेले, पावकी, निमकी, पाऊणकी सगळी तोंडपाठ. अकरा पाऊण सव्वाआठ म्हणताच त्यांचे डोळे चमकले. त्यांनी स्वतः अष्टमी काढली, दशमी काढली, आजची ओहोटी काढून घड्याळ पाहिलं. मासा दिसत नसताना कळतो कसा, तेही विचारलं. मामांच्या खिशात तंगूस असायचाच. त्यांनी परवानगी मागितली. साहेब म्हणाले, तुमचं तुम्ही करा, मी बघणार नाही. मामांनी कोळिणीकडून कोळंबी आणली, दोरा टाकला, आणि साहेब मान वळवून सगळं बघत होते.

थोड्या वेळाने साहेब म्हणाले, "नुसता धरून बघू का? पाणी कळतं म्हणता ना, ते."

मामांनी स्वतःच्या बोटावरची ट्यूब काढून त्यांच्या बोटाला चढवली. दोरा दिला. साहेब डोळे मिटून बसले, आणि तसेच बसले असते तर किती बरं झालं असतं. दोरा ठक्क झाला. मामांनी दोरा घ्यायला हात पुढे केला, पण साहेबांनी दिलाच नाही. मामा सांगत होते सोडा, साहेब सोडत होते. आता ओढा, तर ओढत होते. मासा पाण्याबाहेर उसळला, चांदीसारखा, माझ्या हाताएवढा लांब. साहेब सतरंजीवर उभे, धोतराचा काठ भिजलेला, गंध घामाने ओघळलेलं, आणि तोंडभर हसत होते. असा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मासा बांधावर आला, कल्ले उघडायला, मिटायला लागला, आणि साहेबांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. सोडा त्याला, असं एवढंच म्हणाले. ट्यूब काढून ठेवली आणि मागे न बघता रस्त्याकडे चालू लागले. सतरंजीही नेली नाही.

मामांनी खाडीवर आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा जिताडा होता तो. साहेब दिसेनासे झाले होते. मी म्हटलं, मामा, आता कोण बघतंय? पण ते गळ हलक्या हाताने काढत होते. मासा पाण्यात धरून त्यांनी पुढे-मागे केला, त्याला दम येईपर्यंत, आणि सोडून दिला.

"त्येंचो मासो," ते म्हणाले. "त्येंनी सोड म्हटल्यानी, मी सोडलंय."

आठ दिवसांनी साहेबांनी मला ऑर्डर टाइप करायला दिली. मामा कायम झाले होते. नेमणूक नाशिकच्या गोदामात. मी कागद हातात घेऊन तिथेच उभी राहिले. म्हटलं, साहेब, दोरा तुमच्या हातात होता, आणि शिक्षा त्यांना?

मला वाटलं, ओरडतील. ते खाली बघून म्हणाले, "शिक्षा नाही हो. त्यांनी खरं सांगितलं, मी शब्द पाळला. पाप झालं त्याचंही मी बघून घेईन. पण मला आनंद झाला होता. त्यांना पाहिलं की तो आठवतो."

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली. मी मुकाट टाइप केलं. दोन चुका झाल्या, पुन्हा टाइप केलं. मामांनी सही करताना विचारलं, नाशिकला खाडी नाही ना? मी नाही म्हटलं. तिथे नदी आहे, धरण आहे, पण भरती नाही. त्यांनी मान हलवली, सही केली. बायको खूश होती म्हणाले. कंपनीची खोली मिळणार होती, नळ आत.

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. त्यांनी निरोप पाठवला, खाडीवर येतेस का. मी कॅलेंडर बघितलं, पौर्णिमा. वाटलं, निरोप आणणाऱ्याने वार चुकवला. तरी गेले. भर दुपारी पोचले तर मामा बांधावर बसलेले. उधाणाचं पाणी, भरती होऊन गेलेली, आणि आता जोरात उतरायला लागलेलं, चहासारखं गढूळ. त्यांच्याकडे डबा नव्हता, कोळंबी नव्हती.

"आज तर काहीच मिळणार नाही ना मामा?"

"ठावक आसा."

"मग?"

"बसाक इलंय," ते म्हणाले.

मी चप्पल काढून शेजारी बसले. तासभर गेला, दोन गेले. ऊन कलंडलं. परतीची बस किती वाजता, हे विचारायचं माझ्या ओठांवर येत होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. पाणी बांधापासून लांब गेलं, तिवरांची मुळं उघडी पडली, मग नुसता चिखल राहिला, मधोमध एक बारीक धार. मामा तिच्याकडे बघत होते. तीही दिसेनाशी झाली तरी ते उठले नाहीत.